धुरा असू द्या, पाणी वाहू द्या

नागपूरहून उमरेड-भिसी करीत या, नाहीतर वरोऱ्याहून शेगावमार्गे या, चिमूर दोन्ही वाटांनी गाठता येते. चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, उमा नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. पश्चिमेकडून येताना काळी जमीन लागते; कापूस, सोयाबीन, तूर दिसते. पूर्वेला नागभीड-सिंदेवाहीकडे निघालात की झाडीपट्टी सुरू होते आणि धानाच्या बांध्या लागतात. दक्षिणेला ताडोबाचे जंगल आहे. कोलाऱ्याच्या फाटकातून पाहुणे वाघ पाहायला आत जातात आणि त्याच जंगलाच्या कडेला आपले कास्तकार रानडुकरांपासून पीक राखीत रात्र जागून काढतात.

शेती खात्याच्या नोकरीत या मुलखात मी पुष्कळ फिरलो. बियाणे, खते, कीड-रोग हे माझे रोजचे विषय. पण आज त्याबद्दल लिहायचे नाही. एकाच देवाला हात जोडणारी माणसे का फुटतात आणि फुटलेली पुन्हा एकत्र कशी येतात, हा आजचा विषय आहे. तुम्ही म्हणाल, कृषी अधिकाऱ्याला हे काय सुचले! पण गावात पीक मारले जाते त्याला कीड जेवढी कारण असते, तेवढेच भांडणही असते, हे खेडोपाडी फिरणाऱ्या माणसाला लवकरच कळते.

धानाच्या बांधीकडे नीट पाहा. प्रत्येकाची बांधी वेगळी, प्रत्येकाचा धुरा वेगळा. धुरा नसेल तर पाणी ठरणार नाही आणि धान होणार नाही. पण वरच्या बांधीचे जादा पाणी खालच्या बांधीत उतरायला धुऱ्याला तोंड ठेवावे लागते. वरच्याने रागाच्या भरात तोंड बुजवले तर खालच्याचे धान वाळते, आणि मोठा पाऊस झाला की वरच्याचाच धुरा फुटतो. म्हणून शहाणा कास्तकार धुराही राखतो आणि तोंडही राखतो. एकोप्याचे सारे शास्त्र मला यात दिसते.

संकटातला एकोपा

चिमूरचे नाव देशाला माहीत झाले ते १९४२ साली. त्या ऑगस्ट महिन्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने हा परिसर जागा केला होता. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, लोक रस्त्यावर आले. गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला. चिडलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. नंतर गावात फौज शिरली आणि तिने केलेल्या अत्याचारांनी, विशेषतः स्त्रियांवरच्या अत्याचारांनी, सारा देश हळहळला. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. ते १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. चिमूर आणि आष्टीच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी अखंड खटपट केली.

भन्साळी चिमूरचे नव्हते, अनसूयाबाईही नव्हत्या. त्यांचे या गावाशी नाते माणुसकीचे. पण एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. संकट आले की माणसे एक होतातच. पूर आला, आग लागली, वाघाने माणूस नेला, की सारे गाव धावते. खरा प्रश्न संकट टळल्यानंतरचा आहे. चार सुगीची वर्षे आली, देवळाच्या पेटीत चार पैसे साठले, की मग वाद सुरू होतात.

तुकडोजी महाराजांनी हे ओळखले होते. १९४२ च्या ऑगस्टातच त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवले होते. पुढे त्यांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थनेवर भर दिला. जात, पंथ, गरीब, श्रीमंत असे न पाहता एका रांगेत बसायचे, ठरल्या वेळी बसायचे, आणि उठल्यावर गावाचे एखादे काम करायचे. १९५५ साली त्यांनी ग्रामगीता लिहिली, तिचे ४१ अध्याय. चिमूर तालुक्यातील गोंदेड्याची गुंफा ही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखली जाते. तिथल्या यात्रेला आजही लोक लोटतात. गुंफेत एकटे बसलेला हा साधू पुढे लोकांना एकत्र बसवीत हिंडला, हे विसरू नये.

एकाचे दोन

पण एकत्र बसणे बोलायला सोपे. याच मुलखातल्या एका गावची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. गावात चांगले भजन मंडळ होते. वर्गणी काढून लाउडस्पीकर घेतला. तो कोणाच्या घरी ठेवायचा यावरून कुरबुर झाली. मग वर्गणीचा हिशेब निघाला, मग जुनी धुऱ्याची भांडणे निघाली, आणि एका मंडळाची दोन मंडळे झाली. दुसऱ्यांनीही लाउडस्पीकर आणला. संध्याकाळी एकाच वेळी दोन्हीकडे तीच प्रार्थना सुरू होई आणि एकही धड ऐकू येत नसे. एक म्हातारी बाई मला म्हणाली, ‘देव तं बिचारा आता कोणाचं आयकन, साहेब?’

तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण फुटलेली मंडळी पुन्हा एकत्र आल्याचे एक मोठे उदाहरण आपल्या विदर्भातच घडले आहे. ते आपल्या ख्रिस्ती बांधवांचे आहे. आपल्या भागात त्यांची घरे थोडी, म्हणून ही हकिगत पुष्कळांना ठाऊक नाही.

ख्रिस्ती लोक उपासनेला जमणाऱ्या समूहाला ‘मंडळी’ म्हणतात. किती आपला शब्द! आपण म्हणतो गुरुदेव सेवा मंडळ, भजनी मंडळ. ते म्हणतात मंडळी. आणि आपल्या मंडळांचे होते तेच त्यांच्या मंडळीचेही झाले.

स्कॉटलंड नावाचा थंड डोंगराळ देश आहे. तिथे १८४३ साली चर्चमध्ये मोठी फूट पडली. कारण काय? गावच्या चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, कोणी नेमायचा? जमीनदाराने, की गावच्या मंडळीने? शेकडो धर्मगुरू घरेदारे सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ काढले. त्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, या मुलखातील दगड-खनिजे तपासली, गोंड लोकांच्या भाषेची आणि चालीरीतींची टिपणे केली. पुढे त्यांच्या नावाने नागपूरला हिस्लॉप कॉलेज झाले. तिकडे चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, मिशन आले तेही स्कॉटलंडचेच, पण बिशप मानणाऱ्या वेगळ्या चर्चचे. दक्षिणेला सिरोंचाकडे मेथडिस्ट लोकांनी काम केले. म्हणजे भांडणे झाली सातासमुद्रापलीकडे आणि वाटणी झाली आपल्या गोंडवनात! १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार परंपरेचे कॅथलिक धर्मगुरूही या जिल्ह्यांत आले. बल्लारपूर हे त्यांचे केंद्र.

इथल्या गरीब ख्रिस्ती माणसाला स्कॉटलंडच्या जमीनदाराशी काय देणेघेणे? पण नागपूरचा ख्रिस्ती एका मंडळीचा, चांद्याचा दुसऱ्या, सिरोंचाचा तिसऱ्या. प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा त्यांचा पवित्र विधी, तोही वेगवेगळ्या पंगतींत.

नागपूरची २९ नोव्हेंबर

हे बरे नव्हे, असे त्यांच्यातल्याच जाणत्यांना वाटू लागले. १९२४ साली दोन परंपरा एकत्र आल्या आणि उत्तर भारतात एक संयुक्त चर्च झाले. अहिल्यानगर, तेव्हाचे अहमदनगर, येथील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या याच ओघातल्या. मग १९२९ मध्ये लखनौला निरनिराळ्या चर्चचे प्रतिनिधी बोलणी करायला बसले. १९५१ मध्ये रीतसर वाटाघाटी समिती नेमली. मसुदे झाले, दुरुस्त झाले, पुन्हा झाले. दक्षिणेकडच्या चर्चांचे एकीकरण १९४७ च्या सप्टेंबरात मद्रासला झालेही, पण उत्तरेचे काम चालूच होते. शेवटी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रल येथे सहा वेगवेगळी चर्च एक झाली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ हे नाव घेतले. लखनौपासून मोजले तर ४१ वर्षे लागली. बसायला सुरुवात केलेल्यांपैकी कितीतरी जण तो दिवस पाहायला उरले नसतील. झाड लावणारा फळ खातोच असे नाही.

आता कास्तकाराच्या दृष्टीने पाहण्यासारखी गोष्ट अशी, की त्यांनी धुरे मोडले नाहीत, धुऱ्याला तोंडे ठेवली. मोठा वाद बाप्तिस्म्याचा होता. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याचा दीक्षाविधी. एक म्हणत, ख्रिस्ती घरच्या तान्ह्या मुलाला तो द्यावा. दुसरे म्हणत, नाही, माणूस जाणता होऊन स्वतः विश्वास कबूल करील तेव्हाच द्यावा. शतकानुशतके या एका गोष्टीवरून लोक वेगळे राहिले होते. नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या. ज्या घराला जी पटेल ती त्याने पाळावी, दुसऱ्याला हीन लेखू नये.

दुसरा वाद कारभाराचा. कोणाकडे बिशप होते, कोणाकडे वडीलधाऱ्यांची सभा, कोणाकडे स्थानिक मंडळीच सर्व ठरवी. तिघांचेही थोडे थोडे घेतले. बिशप राहिले, पण सभेसह राहिले. आणि गावच्या मंडळीचा मानही राहिला.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक होता. खरा धर्मगुरू कोणाचा? माझा खरा आणि तुझा अर्धा, असे म्हटले तर एकी कशी व्हायची? यावर तोड अशी काढली की एकीकरणाच्या विधीत निरनिराळ्या चर्चच्या धर्मगुरूंनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून देवाची कृपा मागायची. मोठा कोण, धाकटा कोण, हे देवावर सोपवायचे. दोन भावांनी वाटणीचा वाद मिटवताना एकमेकांच्या पाया पडावे, तसेच हे झाले.

अर्थात सगळे गोड झाले असे नाही, आणि ते लपवूही नये. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च वाटाघाटीत अखेरपर्यंत होते, पण ऐन १९७० मध्ये ते बाजूला झाले. त्यामुळे चांद्याची मंडळी नव्या चर्चमध्ये गेली आणि सिरोंचाच्या बाजूची मेथडिस्ट मंडळी वेगळी राहिली. गुजरातेत ब्रेदरन नावाच्या चर्चच्या काही लोकांनी पुढे म्हटले, आमच्या जागा-इमारती आमच्याच. तो तंटा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ साली न्यायालयाने सांगितले की एकीकरणाचा ठराव झाला म्हणून विश्वस्त मंडळाची मालमत्ता आपोआप दुसरीकडे जात नाही, त्याला कायद्याची रीतसर प्रक्रिया करावी लागते. प्रार्थना एक झाली, पण सातबारा वेगळा राहिला! आपल्या भाऊबंदकीत याहून वेगळे काय घडते? म्हणून मन जुळवताना कागदही जुळवावा. देवस्थान असो, समाजमंदिर असो की चर्च असो, जागा कोणाच्या नावे, विश्वस्त कोण, हिशेब कुठे, हे गोडी आहे तेव्हाच लिहून ठेवावे.

पंगतीतला निवाडा

ख्रिस्ती धर्मग्रंथात पौल नावाच्या सत्पुरुषाची पत्रे आहेत. करिंथ नावाच्या गावच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो त्या लोकांना चांगलाच समज देतो. ते लोक गट करून बसले होते. एक गट या गुरूचा, दुसरा त्या गुरूचा. वर पंगतीत असे होई, की पैसेवाले आपापले आणून आधी पोटभर जेवत आणि मजुरीवरून उशिरा आलेला गरीब उपाशी राही. पौल त्यांना बजावतो की असल्या जेवणाला प्रभूचे भोजन म्हणताच येत नाही. प्रीतीबद्दलचा जो अध्याय ख्रिस्ती लग्नांत मोठ्या हौसेने वाचतात, तो या भांडखोर मंडळीला लिहिलेला आहे, नवरा-नवरीला नव्हे! जिथे प्रेम आटले होते तिथेच त्याची शिकवण द्यावी लागली.

म्हणजे मंडळीची परीक्षा पंगतीत होते. चिमूरच्या श्रीहरी बालाजी महाराजांची घोडायात्रा माघात भरते, तेव्हा दूरदूरची माणसे येतात. कोण आधी बसला, कोणाच्या पानात काय पडले, कोण शेवटी उभा राहिला, हे ज्या गावात पाहिले जाते त्या गावाचा देव जागा आहे असे समजावे.

आता ‘कृपा’ या शब्दाकडे येतो. ख्रिस्ती लोक तो फार वापरतात आणि आपले संतही वापरतात. कृपा म्हणजे आपण कमावली नाही अशी देणगी. पावसाचेच घ्या. नांगरणी आपली, पेरणी आपली, पण पाऊस आपल्या कर्तबगारीने पडत नाही. तो भांडखोराच्या बांधीतही पडतो आणि सज्जनाच्या बांधीतही. ज्याला असे फुकट मिळाले आहे त्याने दुसऱ्याला देताना ‘त्याची लायकी काय’ हे विचारू नये, एवढाच त्या शब्दाचा अर्थ मला समजला आहे.

वर सांगितलेल्या दोन लाउडस्पीकरच्या गावात पुढे हेच घडले. ऐन रोवण्याच्या दिवसांत एका गटातल्या कास्तकाराची बायको नागपूरला दवाखान्यात होती. परे तयार, बांधीत पाणी, आणि घरी माणूस नाही. दुसऱ्या गटातल्या एका तरुणाने आपल्या रोवण्याच्या बायका दोन दिवस त्याच्या बांधीत उतरवल्या. सभा झाली नाही, माफीनामा झाला नाही. तो कास्तकार परत आला तेव्हा रोवणा झालेला होता. दुसऱ्या संध्याकाळी तो त्या तरुणाच्या मंडळात जाऊन मागच्या रांगेत बसला. कोणी काही विचारले नाही, सरकून जागा दिली. आज त्या गावात मंडळे दोनच आहेत, पण आठवड्यातून एक दिवस दोन्ही मंडळे एकत्र बसतात आणि त्या दिवशी एकच लाउडस्पीकर लागतो.

बंधुभगिनींनो, सल्ला देणे हा माझा धंदाच पडला, तेव्हा जाता जाता चार गोष्टी सांगतो. तुमचे मंडळ कोणत्याही देवाचे असो.

पहिली, पैशाचा हिशेब वर्षातून एकदा सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. हिशेब झाकला की संशय उगवतो, आणि संशयाचे तण हाताने निंदून निघत नाही.

दुसरी, यायचे बंद झालेल्या माणसाची वाट पाहत बसू नये. त्याच्या घरी जावे. ज्याची चूक थोडी त्याने आधी जावे, कारण त्याला जाणे सोपे असते.

तिसरी, प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरवू नये. पाच मतांनी जिंकलेला ठराव पाच घरे गमावून बसतो. थांबावे, पुन्हा बसावे. नागपूरच्या त्या दिवसासाठी माणसे ४१ वर्षे थांबली. आपण एक हंगाम थांबायला हरकत नाही.

चौथी, बायकांना बैठकीत बसवावे आणि बोलू द्यावे. भांडण पुरुषांचे असते, पण शेजारणीकडे विरजण मागायला जायची वाट बंद होते ती घरच्या लक्ष्मीची. वाट उघडी राहावी असे तिला मनापासून वाटते.

तुमची रीत तुम्ही सोडू नका. आरती असो, त्रिशरण असो, नमाज असो की प्रभुभोजन असो, ती बापजाद्यांची ठेव आहे, तुमच्या बांधीचा धुरा आहे. तो नीट बांधा. पण पावसाळ्यापूर्वी एकदा धुऱ्यावरून फिरून या आणि पाणी जायला ठेवलेले तोंड बुजले तर नाही ना, तेवढे पाहा. बुजले असेल तर शेजाऱ्याने काढावे म्हणून थांबू नका. फावडे तुमच्याही घरी आहे.